फायर ब्रिगेडची माणसं सोसायटीत येणार आहेत: ती काय बघतील आणि घरात आपण काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील ठाण्यात १२ मजली सोसायटीत नवव्या मजल्यावर दोघंच राहतात. आई ६८ वर्षांची, वडील ७२, वडिलांचे गुडघे दुखरे. सोसायटीत नोटीस लागली आहे की पुढच्या आठवड्यात अग्निशमन दलाची पाहणी आहे, सर्वांनी पॅसेजमधली चपलांची कपाटं हलवावीत. मुलगा पुण्यात असतो. तो विचारतो: हे लोक घरात येतात का? नेमकं काय बघतात? आणि आई-वडिलांसाठी आग विझवायचा सिलिंडर घेऊन ठेवू का?

मी महापालिकेच्या अग्निशमन दलातून केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता सोसायट्यांना सल्ला देतो. म्हणजे ही पाहणी मी करणाऱ्याच्या बाजूनंही पाहिली आहे आणि करवून घेणाऱ्याच्या बाजूनंही.

पाहणी होते ती महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याखाली. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी, असं हा कायदा सांगतो. सोसायटीत व्यवहारात ती कमिटीवर येते. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती ठीक असल्याचा दाखला अग्निशमन दलाकडे द्यायचा. सोसायट्यांत ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात तो हाच. अधिकारी आले की पहिली फाईल हीच मागतात. एजन्सी खरोखर परवानाधारक आहे का, हे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहता येतं. ते पाहून ठेवा, कारण नुसता कागद विकणारेही या धंद्यात आहेत.

फाईल झाली की पाहणी पंपरूमकडे वळते. पंप ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर, हे मी सगळ्यात आधी बघायचो. कुठेतरी व्हॉल्व्ह गळतो, दाब उतरतो, पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू होतो, पहिल्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतात, आणि मग कुणीतरी तो मॅन्युअलवर टाकून देतं. गळती तशीच राहते. अलार्मच्या पॅनेलचंही तेच. दोनदा विनाकारण वाजला की भोंग्याची वायर काढलेली सापडते. मग आगीच्या टाकीत पाणी आहे का, की पाणीकपातीच्या दिवसांत ते नळाला सोडलं. मजल्यावरच्या लाल पेटीत होज (पाण्याची जाड नळी) आणि तिच्या टोकाचं नोझल आहे का. नोझल आणि कपलिंग पितळेची किंवा गनमेटलची असतात, भंगारात चांगला भाव येतो, त्यामुळे ती चोरीला जातात आणि पेटीला काच असल्यानं कुणी उघडून बघत नाही. जिन्याची फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारी दारं, आपोआप मिटतात का, की त्यांना वीट लावून ठेवली आहे. विजेच्या केबलचा डक्ट (खालपासून वरपर्यंतची उभी पोकळी) प्रत्येक मजल्यावर बंद केलेला आहे का. हा डक्ट उघडा राहिला तर मीटररूममधली आग केबल धरून वर चढते. मीटररूममध्ये झाडू, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल नसणं अपेक्षित असतं. बहुतेक वेळा ते सगळं तिथेच असतं.

शेवटी आवार. बंबाला आत यायला आणि इमारतीभोवती फिरायला साधारण ६ मीटर मोकळा रस्ता लागतो. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे, पण ती गाडी उभी करून पाय रोवायला जागा लागते. फाटकापाशी दुहेरी पार्किंग असेल तर ती शिडी असून नसल्यासारखी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. घरात ते सहसा येत नाहीत. कुणी बाल्कनी बंद करून डक्ट अडवला असेल, रेफ्यूज एरियाला (आगीत थांबण्यासाठी राखलेल्या जागेला) भिंत घालून तो फ्लॅटमध्ये ओढला असेल किंवा तक्रार असेल, तर येतील. पाहणीसाठी आत येण्याचा अधिकार कायदा त्यांना देतो, त्यामुळे अडवण्यात अर्थ नाही. ओळखपत्र मात्र जरूर मागा. एक गोष्ट आई-वडिलांना स्पष्ट सांगून ठेवा: अग्निशमन दल दारोदार फिरून सिलिंडर विकत नाही. खाकी शर्ट घालून ‘फायर ऑफिसमधून आलोय, हा घेणं कंपल्सरी आहे’ म्हणणारा माणूस विक्रेता असतो.

म्हणजे ही पाहणी इमारतीची आहे. तुमच्या आईच्या ओट्याखालची गॅसची नळी तिच्यात येत नाही. लंडनची फायर ब्रिगेड घरी येऊन धोके दाखवते आणि गरज असेल तिथे धुराचे अलार्म फुकट बसवून देते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ही सोय जरूर वापरावी. आपल्याकडे अग्निशमन दल घराच्या उंबऱ्याच्या आतलं बघायला सहसा येत नाही. ते तुम्हालाच बघायचं आहे, आणि त्यात सिलिंडर पहिल्या क्रमांकावर नाही. पहिल्या क्रमांकावर दार आणि जिना आहे.

माणसं ज्वाळांनी कमी आणि धुरानं जास्त मरतात, हे सगळे ऐकून असतात. पण धूर जातो कुठून, याचा विचार कुणी करत नाही. तो वर जातो, आणि इमारतीत वर जायचा सोपा रस्ता म्हणजे जिना, लिफ्टची पोकळी आणि डक्ट. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास आग लागली ती खाली पार्किंगमध्ये, गाड्या आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांना. इमारत जेमतेम पाच मजल्यांची. किमान सात माणसं गेली आणि चाळीसहून जास्त जखमी झाली. अशा वेळी जिन्याचं धुराडं होतं, आणि झोपेतून उठून दार उघडणारा माणूस थेट त्या धुराड्यात पाऊल टाकतो.

म्हणून घरातल्या दोघांना दोनच गोष्टी पक्क्या शिकवा.

आग आपल्याच घरात लागली आणि पहिल्या झटक्यात विझली नाही, तर बाहेर पडायचं आणि मागे दार ओढून घ्यायचं. कुलूप लावायचं नाही, नुसतं ओढायचं. बंद असलेलं साधं लाकडी दारही धूर काही मिनिटं अडवतं, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यांवरची माणसं जिन्यानं खाली उतरू शकतात. माणसं घाबरून पळतात तेव्हा दार सताड उघडं राहतं. मग आग एका फ्लॅटची असते आणि धूर पूर्ण मजल्याचा, थोड्या वेळात वरच्या तीन मजल्यांचा. दागिने, कागदपत्रं, फोनचा चार्जर, कशासाठीही परत आत जायचं नाही. बाहेर पडल्यावर शेजाऱ्यांची दारं वाजवायची, पॅसेजमधलं लाल बटण दाबायचं आणि १०१ फिरवायचा. लागला नाही तर ११२. पत्ता, जवळची खूण, मजला, काय जळतंय, कुणी अडकलंय का, एवढं सांगायचं आणि समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. वॉचमनला नाक्यावर उभं करायचं. बंब गल्लीत पत्ता शोधत फिरत राहिल्यामुळे जाणारा वेळ मोठा असतो.

आग दुसरीकडे असेल तर आधी दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर ते उघडायचं नाही. ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबायचे, रस्त्याकडच्या खोलीत जायचं, मधली दारं बंद करायची, खिडकी उघडायची, भडक रंगाची चादर हलवायची आणि १०१ वर फ्लॅट नंबर सांगायचा. ज्या घराचा नंबर माहीत असतो तिथे जवान आधी पोचतात. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ ला आग लागली आणि चार माणसं गेली. तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीनं शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओली फडकी नाकाला लावायला दिली. तिचं कौतुक झालं ते योग्यच. फक्त हे समजून घ्या की ओलं फडकं काजळी अडवतं, कार्बन मोनॉक्साईड हा धुरातला विषारी वायू अडवत नाही. ते लावून धुरानं भरलेला जिना उतरायला निघू नका. खिडकीपाशी खाली बसून राहायला त्याचा उपयोग.

लिफ्ट कुठल्याही परिस्थितीत नाही. मग गुडघे गेलेल्या वडिलांनी नऊ मजले कसे उतरायचे? उतरायचेच नाहीत. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्यूज एरिया ठेवावा लागतो. तुमच्या इमारतीत तो आठव्या मजल्याच्या आसपास असायला हवा. बाहेरच्या हवेला उघडी, फायर डोअर असलेली जागा, जिथे थांबून माणसं सुटकेची वाट बघू शकतात. जिना स्वच्छ असेल तर वडिलांना फार तर एक मजला उतरायचा आहे. पुढच्या भेटीत स्वतः जाऊन बघा की तिथे आत्ता काय आहे. मला अशा ठिकाणी जुने सोफे, कॅरम, सिमेंटची पोती आणि एकदा तर क्लासचे बाक सापडले आहेत. दाराला कुलूप असेल तर कमिटीला लेखी द्या आणि प्रत ठेवा. नोटिशीतल्या चपलांच्या कपाटांचा मुद्दाही हाच आहे: लाकूड, रबर आणि फोम, तेही सुटकेच्या वाटेवर.

दाराच्या आतली बाजूही बघा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना चोरांची भीती असते, म्हणून सेफ्टी डोअरला आतून कुलूप असतं आणि किल्ली उशाखाली. धुरात ती सापडत नाही. दाराशेजारी, हाताला लागेल अशा खिळ्यावर ती कायमची टांगा. ई-स्कूटरची बॅटरी किंवा इन्व्हर्टर दारापाशी चार्जिंगला लावत असाल तर ते आजच हलवा. लिथियम बॅटरी पेटली की विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते, आणि ती बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर असेल तर प्रश्नच मिटला. झोपेत असताना ती चार्ज करूच नये.

खिडक्यांच्या बॉक्स ग्रिल हा मुंबई-ठाण्याचा खास रोग. कुंड्या ठेवायला, कपडे वाळत घालायला जागा मिळते म्हणून सगळीकडून वेल्डिंग करून पिंजरा केला जातो. शिडी खिडकीपर्यंत आली तरी माणूस आत आणि जवान बाहेर, मध्ये लोखंड. ते कापायला कटर लागतो आणि वेळ जातो. निदान एका खिडकीच्या ग्रिलला माणूस बाहेर येईल एवढं उघडणारं दार करून घ्या. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली तिथेच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी.

आता स्वयंपाकघर. तुमच्याकडे सिलिंडर आहे की पाईपचा गॅस, यावर बरंच काही बदलतं. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाईपचा नैसर्गिक वायू हलका, तो वर छताकडे जातो. वास आला तर दोन्हीत एकच नियम: विजेचं एकही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर किंवा पाईपचा व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघडी, माणसं बाहेर. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. सिलिंडरवरची दोरी बांधलेली प्लास्टिकची टोपी फेकून देऊ नका, ती गळक्या व्हॉल्व्हवर बसवण्यासाठीच दिलेली असते. सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवरची तारीख बघा: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती उलटून गेलेला सिलिंडर परत करा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर छापलेलं वर्ष आईला चष्मा लावून वाचायला सांगा.

कढईतलं तेल पेटणं ही घरातली अगदी नेहमीची आग, आणि पहिली प्रतिक्रिया पाणी ओतण्याची. पेटलेलं तेल ३०० अंशांच्या वर असतं. त्यात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल अंगावर, छतावर उडवते. गॅस बंद, ताट किंवा झाकण कढईवर सरकवायचं, आणि हात लावायचा नाही. झाकण उचलून ‘विझली का’ बघायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं. कढई उचलून मोरीकडे धावणारे हात-पाय भाजून घेतात.

विजेबद्दल फार लिहीत नाही. आगीच्या अहवालात ‘शॉर्ट सर्किट’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा सैल जोड किंवा वायरला न झेपणारा भार असतो. सैल जोडामुळे एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, तो जोड नुसता तापत राहतो. बटण गरम लागणं, सॉकेटभोवती तपकिरी डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी वायरमन. एसी आणि गीझर एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही. आणि सतत पडतो म्हणून १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवणारा वायरमन पुन्हा घरात घेऊ नका, कारण एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो आणि त्यानं ते संरक्षणच काढून टाकलं आहे. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. तो शॉकपासून वाचवतो आणि गळक्या वायरिंगवरही पडतो.

मग आग विझवायचा सिलिंडर घ्यायचा की नाही? घ्या, पण तुमच्या आईला उचलता येईल असा. इमारतीच्या पॅसेजमधला ६ किलोचा भरलेला नग नऊ-दहा किलोच्या घरात जातो. घरात दोन किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय मार्क असलेला, काटा हिरव्या पट्टीत असलेला पुरे. शेगडीच्या वर नाही, स्वयंपाकघराच्या दारापाशी लावा, म्हणजे तो घ्यायला आगीकडे जावं लागणार नाही. तो काही सेकंदांत रिकामा होतो. म्हणून नियम साधा: ज्वाळा कमरेच्या खाली असतील आणि पाठीमागे दार मोकळं असेल तरच वापरायचा, नाहीतर बाहेर. तेलाच्या आगीवर तो जवळून मारला तर तेल उडतं, तिथे झाकण किंवा फायर ब्लँकेट (आगीवर टाकायचं न पेटणारं कापड) बरं.

पण पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी बॅटरीवर चालणारे धुराचे दोन अलार्म घेईन. एक झोपायच्या खोलीबाहेर छताला, एक हॉलमध्ये. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजेल आणि आई त्याची बॅटरी काढून ठेवेल. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून बघायचा. वडील कानानं कमी ऐकत असतील तर दार लावून, ते झोपतात त्या खोलीत उभं राहून आवाज येतो का ते तपासा.

पाहणीच्या दिवसाचा एक फायदा तुम्ही करून घेऊ शकता. सेक्रेटरींना सांगा की अधिकारी आलेच आहेत तर सगळ्यात वरच्या मजल्यावरची होज रील त्यांच्यासमोर उघडून पाणी काढून दाखवा. खालच्या मजल्यावर दाब सगळ्यांकडे असतो, कस वरच लागतो. ही रील पातळ नळीची असते आणि ती रहिवाशांनीही वापरायची आहे. जाड होज जवानांसाठी, तिचा धक्का एकट्या माणसाला झेपत नाही. जुलैत फॉर्म बी वर सही होईल तेव्हाही हीच मागणी करा. बारा मजले चढायला लावल्यावर नुसता कागद देणारी एजन्सी पुढच्या वर्षी आपणहून गळते.

आणि ड्रिल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला, त्यात फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात केंद्रांकडून प्रात्यक्षिकं होतात, एरवीही सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर बहुतेक ठिकाणी माणसं पाठवतात. शुल्क आहे का ते केंद्रावर विचारा. पत्रात मजल्यांची संख्या, रहिवाशांचा अंदाज आणि जिना उतरू न शकणाऱ्या लोकांचे फ्लॅट नंबर लिहा. त्या यादीची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवायला सांगा, कारण बंब आल्यावर आमचा पहिला प्रश्न तोच असतो. वेळ रविवार सकाळची मागा. कामाच्या दिवशी ड्रिल ठेवलं की खाली सेक्रेटरी, वॉचमन आणि चार आजोबा जमतात, आणि प्रात्यक्षिकाचा सिलिंडर दरवेळी सेक्रेटरीच चालवतात. तो तुमच्या आईच्या हातात द्यायला लावा. पिन ओढायला किती जोर लागतो ते तिला एकदा कळलेलं बरं.